सर्व्हर बंद आहे, उद्या या

'सर्व्हर बंद आहे, उद्या या' हे वाक्य गोंदिया जिल्ह्यात आता कोणालाही नवे राहिलेले नाही. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतील कंट्रोलचे दुकान असो, अर्जुनी मोरगावकडील धान खरेदी केंद्र असो, की तालुक्याच्या गावचे सेवा केंद्र असो, हे वाक्य सर्वत्र एकाच स्वरात उच्चारले जाते. त्या स्वरात अपराधाची छटा नसते आणि ऐकणाराही सहसा तक्रार करीत नाही. मृग कोरडा गेला, गाडी उशिरा आली, तसाच सर्व्हर बंद पडला! एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून आलेली शेतमजूर स्त्री रिकामी पिशवी घडी करून परत फिरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभी राहते. राज्यकारभारातील एखादी गोष्ट निसर्गाच्या खात्यावर टाकता आली, की तिचा जाब द्यायला कोणी उरत नाही. म्हणूनच या निरुपद्रवी वाटणाऱ्या वाक्याची छाननी करणे अगत्याचे आहे.

यंत्र बिघडते, हे खरे. विजेचा दाब चढतो-उतरतो, तबकडी निकामी होते, तार तुटते, आज्ञावलीत दोष निघतो. जगातील कोणताही कारागीर न बिघडणारे यंत्र घडवू शकलेला नाही. परंतु यंत्र बंद पडणे आणि त्या यंत्रावर चालणारे काम बंद पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकशास्त्राला हा भेद किमान पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील टँडेम या कंपनीने १९७६ साली बँकांसारख्या ग्राहकांसाठी जो संगणक बाजारात आणला, त्याचे नावच 'नॉनस्टॉप' होते. त्यात प्रत्येक महत्त्वाच्या भागाला जोडीदार होता. पुढे १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अनेक संगणक एकत्र बांधून त्यांना 'क्लस्टर' म्हणण्याची प्रथा रूढ केली. आज बँका, रेल्वेचे आरक्षण, दूरध्वनी, शेअर बाजार हे सारे याच तत्त्वावर उभे आहेत.

हे तत्त्व समजायला अवघड नाही. क्लस्टर म्हणजे सर्व्हरांचा असा गट, की जो बाहेरून पाहणाऱ्याला एकच सर्व्हर वाटतो. गटातील यंत्रे ठराविक क्षणांनी परस्परांना 'मी जिवंत आहे' असा संकेत पाठवीत असतात. तंत्रज्ञ त्याला हृदयाचा ठोका म्हणतात. काही ठोके लागोपाठ चुकले, की जोडीदार यंत्र पहिल्याला मृत समजते, त्याचा पत्ता आपल्या नावावर घेते आणि अर्धवट राहिलेले काम पुढे चालविते. या हस्तांतराला 'फेलओव्हर' म्हणतात. ते नीट साधले, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला फार तर काही सेकंदांचा विलंब जाणवतो.

काही ठिकाणी राखीव यंत्र नुसते वाट पाहत बसलेले असते. काही ठिकाणी सर्व यंत्रे भार वाटून घेऊन एकाच वेळी राबत असतात. दुसरी पद्धत काटकसरीची वाटते, पण तिच्यात एक फसगत दडलेली आहे. दोन यंत्रे प्रत्येकी सत्तर टक्के भार ओढत असतील, तर एक पडताच उरलेल्यावर एकशे चाळीस टक्के भार येतो आणि तेही कोसळते. म्हणजे कागदावर दोन यंत्रे, प्रत्यक्षात एकाचाही आधार नाही. धान्य आल्यावर राज्यातील पन्नास हजारांहून अधिक दुकानांत एकाच वेळी अंगठे लागू लागतात, त्या दिवसांचा भार धरून जर क्षमता मोजली नसेल, तर ती मोजलीच नाही असे म्हटले पाहिजे.

याहून सूक्ष्म अडचण माहितीची. राखीव यंत्राने सूत्रे घेतली, तरी त्याच्याकडील नोंदी ताज्या असाव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक नोंद दोन्हीकडे उतरवावी लागते. आणि ठोका थांबला म्हणजे यंत्र मेलेच असे नाही. कदाचित दोघांमधील तारच तुटली असेल. तेव्हा दोन्ही यंत्रे स्वतःला धनी समजून स्वतंत्रपणे नोंदी करू लागतात आणि एका खात्याची दोन सत्ये तयार होतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या जगभरातील आज्ञावलीकारांच्या भांडारात हेच घडले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संपर्क केवळ ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात पश्चिमेकडील यंत्रांनी सूत्रे घेतली आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या. त्यांचा मेळ घालून सेवा पूर्ववत करायला चोवीस तासांहून अधिक काळ लागला. म्हणून शहाण्या क्लस्टरमध्ये बहुमताचा नियम असतो: तीन किंवा पाच यंत्रे ठेवायची, आणि ज्या बाजूला बहुमत असेल तिनेच काम करायचे. अल्पमतातील बाजूने हात आखडता घ्यायचा.

आता हिशेब. वर्षातील ९९ टक्के काळ चालणारी सेवा ऐकायला उत्तम वाटते, पण उरलेला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ होतो. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. आणखी एक नऊ वाढवला, की पाच मिनिटे. प्रत्येक वाढीव नऊ विकत घ्यावा लागतो: जादा यंत्रे, जादा जोडण्या, दुसऱ्या शहरातील दुसरे केंद्र, रात्रपाळीचे तंत्रज्ञ. तेव्हा कोणत्या कामासाठी किती नऊ विकत घ्यायचे, हा प्रश्न तंत्रज्ञांच्या टेबलावर सुटत नाही. तो अंदाजपत्रकात सुटतो.

शिधावाटपाची साखळी या हिशेबाने तपासून पाहावी. दुकानात ई-पॉस मशीन आहे. त्याची बॅटरी आणि अंगठ्याची काच धड हवी. मग मोबाइलचे जाळे. मग राज्याचा शिधावाटप सर्व्हर. तेथून आधारच्या केंद्रापर्यंतची वाट. आणि अखेरीस आधारचे केंद्र. पाच कड्या, आणि पाचही एकाच क्षणी शाबूत असतील तरच पाच किलो धान्य. प्रत्येक कडी ९९ टक्के भरवशाची धरली, तरी साखळीचा भरवसा ९५ टक्क्यांवर उतरतो. प्रत्येक कडी ९५ टक्के भरवशाची धरली (जंगलपट्टीतील मोबाइलचे जाळे पाहता हा अंदाज उदारच म्हणावा लागेल), तर साखळीचा भरवसा ७७ टक्के होतो. म्हणजे चारपैकी जवळजवळ एक खेप फुकट. उलट ९५ टक्क्यांच्या त्याच कडीला तेवढ्याच ताकदीची दुसरी, स्वतंत्र कडी समांतर जोडली, तर दोन्ही एकदम तुटण्याचा प्रसंग चारशेत एकदा येतो. एकापुढे एक बांधलेल्या कड्या भरवसा घटवितात, शेजारी शेजारी बांधलेल्या तो वाढवितात. सारे फेलओव्हरशास्त्र एवढ्या अंकगणितात सामावले आहे.

मौज अशी, की या साखळीच्या वरच्या टोकाला समांतर कडी आहे. आधारच्या नोंदी बेंगळुरू आणि मानेसर अशा दोन ठिकाणच्या केंद्रांत सांभाळल्या जातात. जसजसे खाली उतरावे, तसतशी राखीव व्यवस्था विरळ होत जाते, आणि दरेकसा किंवा ककोडीच्या बाजूच्या एखाद्या दुकानात पोचेपर्यंत ती एकच सिमकार्ड आणि एकच मशीन एवढी उरते. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याचे ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. एक संच दुरुस्तीला निघाला, तरी उरलेले चार चालतात. दुकानदाराच्या मशीनला मात्र दुसरी बॅटरी मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्यभरातील ई-पॉस यंत्रणा अशी काही अडखळली, की अखेरीस शासनाला त्या महिन्याचे धान्य ऑफलाइन वाटण्याची मुभा द्यावी लागली. मुभा दिली हे बरेच झाले. पण तोवर किती लोकांनी किती हेलपाटे घातले, याची नोंद कोणत्याही सर्व्हरवर नाही.

याच्या शेजारी मुंबईतील एक घटना ठेवून पाहावी. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. चार तास. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या होत्या. रस्त्यावरील खोदकामाने दोन्हींत एकाच वेळी बिघाड झाला. राखीव जोडणी खरोखर स्वतंत्र नसेल, तर ती नुसती दिखाऊ असते, हा धडा त्यातून मिळाला. पण इथे लक्षात घ्यायची गोष्ट पुढची. महिनाभरात सेबीने नियम काढला: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली, तर अर्ध्या तासाच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करावे. २०२३ मध्ये शेअर बाजाराने आणि त्याच्या क्लिअरिंग संस्थेने मिळून ७२ कोटींहून अधिक रुपये भरून ते प्रकरण तडजोडीने मिटविले. चार तासांच्या खंडाला घड्याळ लावले गेले, जबाबदार संस्था ठरली आणि रक्कम वसूल झाली. शिधावाटपाच्या खंडाला असे घड्याळ कोणी लावले आहे? किती मिनिटांनंतर तो खंड आपत्ती ठरतो?

शेअर बाजाराला राखीव केंद्र मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा इतकाच, की हे तंत्र देशात आहे, ते चालविणारी माणसे आहेत आणि नियम करण्याची पद्धतही माहीत आहे. गरिबाच्या दाराशी येईपर्यंत मात्र हे सारे विसरले जाते. तेथे राखीव यंत्राचे काम त्या बाईचे पाय करतात. सर्व्हर पडला, की भार तिच्यावर जातो: दुसरी खेप, दुसऱ्या दिवसाची बुडालेली मजुरी, शेजारणीकडून उसने आणलेले तांदूळ. फेलओव्हर होतच असतो. तो कोणाच्या खर्चाने होतो, एवढाच प्रश्न आहे.

रोजगार हमीच्या कामांवर हेच अधिक उघडपणे घडले. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून कामाचा हक्क मान्य केला, त्याच महाराष्ट्रातील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या आदेशाने मोबाइलवरील छायाचित्रांवर अवलंबून झाली. दिवसातून दोनदा छायाचित्र चढले पाहिजे. चढले नाही, तर घाम गाळूनही तो दिवस बुडाला. अपवादात्मक प्रसंगी हाताने हजेरी घेण्याची सोय होती, पण तिची किल्ली जिल्हा कार्यक्रम समन्वयकाकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे होती. देवरीच्या जंगलातील तळ्याच्या कामावर जाळे नसताना राखीव व्यवस्था सुरू करायची, तर गोंदियाहून परवानगी आणा! हृदयाचा ठोका चुकल्यावर जोडीदाराने सही-शिक्क्याची वाट पाहत बसावे, असे क्लस्टर कोणत्याही बँकेने विकत घेतले नसते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो रोजगार कायदा बदलून नवा आणला. नव्या व्यवस्थेतही डिजिटल हजेरीवर भर आहे, तेव्हा हा प्रश्न जुन्या कायद्याबरोबर निकालात निघालेला नाही.

वस्तुतः राखीव व्यवस्थेचे शास्त्र गोंदियाला बाहेरून शिकविण्याची गरज नाही. या भूमीत ते शेकडो वर्षे पाण्याच्या रूपाने नांदले आहे. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी पूर्व विदर्भात बांधलेली हजारो तळी, ज्यांना आज माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात, ती एकटीदुकटी नाहीत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला मिळतो, त्याचा त्याखालच्याला. अधूनमधून लहान बोड्या. एका ठिकाणी पाणी आटले, तर दुसरीकडे धरून ठेवलेले असते, आणि अतिवृष्टीत वरचे पाणी खालचा तलाव झेलतो. अर्थात एक पाळ फुटली आणि खालचे तलाव भरलेले असले, तर फुटण्याची लाट खालपर्यंत जाते. अतिभाराने एकामागून एक यंत्रे कोसळतात ती याच न्यायाने. म्हणून पाळीची डागडुजी आणि गाळ काढणे ही गावाची वहिवाट होती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे इष्टच होते. पण तिच्यासोबत देखभालीची वहिवाटही गेली, आणि तिच्या जागी जी सरकारी व्यवस्था आली तिला तलाव म्हणजे यादीतील एक क्रमांक होता. कित्येक तलाव गाळाने भरले, कित्येकांत बेशरमचे रान माजले, काहींवर अतिक्रमणे झाली. यादीत ते सारे जागच्या जागी होते. राखीव यंत्रांचेही असेच होते. खरेदी होते, उद्घाटन होते, आणि मग ती कोपऱ्यात धूळ खात पडतात. ज्या दिवशी खरोखर गरज लागते, त्या दिवशी कळते की त्यांवरील नोंदी जुन्या आहेत किंवा ती सुरू करण्याची रीत ठाऊक असणारा माणूस बदलून गेला आहे. दक्षिण कोरियासारख्या संगणकात अग्रेसर देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि ६४७ शासकीय प्रणाली एकदम बंद पडल्या. कित्येकांना दुसऱ्या जागी तयार असा जोडीदारच नव्हता. अर्जुनी मोरगावच्या परिसरात अलीकडच्या वर्षांत मच्छीमारांच्या संस्थांनी बेशरम उपटून, देशी पाणवनस्पती लावून काही तलाव पुन्हा जिवंत केले. ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते, त्यांनीच ते केले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शिधावाटपाच्या बाबतीत सर्वांत स्वस्त राखीव यंत्र अजूनही कागदाची वही हेच आहे, आणि ते बेकायदेशीरही नाही. जाळे नसेल किंवा अंगठा जुळत नसेल, तर शिधापत्रिका व आधारपत्र पाहून, वहीत नोंद करून धान्य द्यावे, असे केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ मध्येच राज्यांना कळविले होते. ओळख पटविण्याच्या यंत्रणेतील अपयशामुळे पात्र माणूस वंचित राहू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही आहे. मग वही उघडली का जात नाही? कारण जे वाटप मशीनवर उतरत नाही, त्याचा हिशेब शिलकीच्या रूपाने दुकानदाराच्या अंगावर येण्याची भीती असते. त्यालाही उद्या या म्हणणेच सोयीचे. राखीव व्यवस्था वापरणाऱ्यालाच शिक्षा होत असेल, तर ती व्यवस्था आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. वहीच्या काळात कंट्रोलच्या धान्याला पाय फुटत होते. खोट्या शिधापत्रिकांवरील तांदूळ थेट बाजारात जात होता. तो काळा बाजार उघडकीस आणण्यासाठी ज्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली, त्या कार्यकर्त्यांना हे सांगण्याची गरज नाही. मशीनने त्या चोरीला काही प्रमाणात आळा घातला, हे मान्य केले पाहिजे. शिवाय आता शिधापत्रिका कोणत्याही दुकानात चालते. ही सोय म्हणजे एका परीने दुकानांचेच क्लस्टर आहे. पण संपर्क तुटलेला असताना एकाच पत्रिकेवर दोन दुकानांतून धान्य उचलले गेले, तर मघाशी सांगितलेली दोन सत्यांची अडचण इथेही उभी राहील.

तेव्हा निवड करावी लागते. संपर्क नसताना यंत्रणेने शंका आली म्हणून नाकारायचे, की शंका असूनही द्यायचे? लाखो रुपयांच्या हस्तांतरात नाकारणेच योग्य. परंतु धान्याच्या बाबतीत चूक झालीच, तर ती माणशी पाच किलोची, आणि पुढच्या महिन्यात वळती करून घेता येणारी. उलट बाजूची चूक म्हणजे घरात चूल न पेटणे, आणि ती वळती करता येत नाही. क्रेडिट कार्डांच्या जाळ्यांनी ही निवड केव्हाच केली आहे. कार्ड देणाऱ्या बँकेचा सर्व्हर उत्तर देत नसेल, तर जाळे स्वतःच तिच्या वतीने ठराविक मर्यादेपर्यंत व्यवहार मंजूर करते आणि हिशेब मागाहून जुळविते. मर्यादित विश्वास, मागाहून पडताळणी. दुकानातील मशीनमध्ये त्या दुकानाच्या पत्रिकांची यादी आणि महिन्याचा कोटा आधीच उतरवून ठेवला, संपर्क तुटताच परवानगीशिवाय त्यावरून वाटप सुरू केले, आणि त्या नोंदी गावच्या दक्षता समितीसमोर दरमहा वाचल्या, तर चोराला फारसा वाव राहत नाही आणि उपाशी माणसाला परत फिरावे लागत नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात एक तरतूद आहे, जिचा उच्चार क्वचितच होतो. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर राज्य शासनाने त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा आहे. सर्व्हर बंद होता, हे कारण त्या कलमात माफीसाठी लिहिलेले नाही. पण भत्ता मागायचा, तर धान्य कधी आणि का मिळाले नाही याचा पुरावा हवा, आणि तो पुरावा आज हवेत विरून जातो. कार्यकर्त्यांना इथे भरीव काम आहे. दुकानाच्या फलकावर शिल्लक साठा लिहिण्याची सक्ती आहे. त्याशेजारी यंत्रणा कोणत्या तारखेला किती वाजता बंद पडली, किती वाजता सुरू झाली आणि तोवर किती लोक परत गेले, हे लिहिले जावे असा ठराव ग्रामसभेने करावा. दुकानदार लिहीत नसेल, तर शाळेत शिकलेली गावातील मुले लिहू शकतात. तीन महिन्यांच्या अशा नोंदी आठही तालुक्यांतून गोळा होऊन जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेल्या, तर 'तांत्रिक कारण' या दोन शब्दांत त्यांची बोळवण करता येणार नाही. कोणती कडी तुटली, किती वेळ तुटली आणि तिचा जोडीदार कुठे होता, हे विचारता येईल.

आणखी एक मागणी जिल्हा प्रशासनाकडे आजच करता येण्याजोगी आहे. चांगल्या संगणक केंद्रांत चालू यंत्र मुद्दाम बंद करून राखीव यंत्र सूत्रे घेते की नाही, हे वेळोवेळी पाहिले जाते. धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीची झुंबड उडण्यापूर्वी गोंदियातही एक दिवस असा ठरवावा. त्या दिवशी सकाळी दहा वाजता संपर्क तोडावा, पुरवठा अधिकाऱ्यांनी स्वतः सालेकसा तालुक्यातील एखाद्या दुकानात जाऊन बसावे, आणि अकरा वाजेपर्यंत रांगेतील किती जणांच्या पिशवीत तांदूळ पडला, ते मोजावे.